सहजांक अकरा

हळद तपासणी प्रयोगशाळेतले वसंत माळगे निवृत्त झाले, त्या दिवशी निरोपसमारंभात त्यांनी प्रत्येक सहकाऱ्याविषयी दोन-चार शब्द सांगितले. अभिनंदन मगदूमची पाळी आली तेव्हा ते हसत म्हणाले, "मगदूम साहेब आणि मी अठरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मला मुलगा आहे की मुलगी, हे त्यांना आजही माहीत नसेल. पण हळदीतल्या कुरकुमीनचा आकडा त्यांनी एकदाही चुकवला नाही."

सगळे हसले. अभिनंदनही हसला. गाडीत बसल्यावर मात्र त्याने मनातल्या मनात उत्तर शोधून पाहिलं. माळग्यांना मुलगा होता की मुलगी? त्याला खरंच माहीत नव्हतं. अठरा वर्षांत हा प्रश्न त्याच्या मनातही आला नव्हता, याचाच त्याला धक्का बसला.

अभिनंदनला तेव्हा पन्नासावं लागलं होतं. सांगलीत विश्रामबागेला घर, बायको स्वरूपा मुलींच्या शाळेत पर्यवेक्षिका, मुलगी ऋजुता पुण्याला वास्तुकला शिकत होती. नातेवाइकांत त्याची ओळख एकच होती, 'स्वरूपाचे मिस्टर'. लग्नकार्याला तो अक्षता टाकून गाडीत जाऊन बसे. फोन वाजला की स्क्रीनकडे बघत राही आणि थांबला की सुटकेचा श्वास सोडी. कुणी घरी आलं तर पाण्याचा ग्लास पुढे करून आतल्या खोलीत जाई. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे स्वरूपा जायची आणि "यांना जरा बरं नाही" असं सांगून दोघांच्या वाटचं बोलून यायची.

त्या आठवड्यात एका आरोग्यविषयक पानावर त्याला सोळा प्रश्नांची यादी सापडली. नजरेला नजर देणं टाळता का? गर्दीत थकायला होतं का? एकट्याने जेवायला आवडतं का? सोळापैकी चौदा ठिकाणी त्याने 'होय' केलं. खाली लिहिलं होतं की पूर्वी ज्याला अ‍ॅस्पर्जर म्हणत, त्या प्रकारची स्वमग्नता पुष्कळांत पन्नाशीपर्यंत ओळखू येत नाही, आणि खात्री करायची तर 'सांगड' चाचणी करून घ्यावी.

ते वाचताना त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. इतकी वर्षं जो दोष म्हणून वागवला, तो दोष नव्हताच. मेंदूची घडणच तशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्याने स्वरूपाला ते सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग तुम्ही इतकी वर्षं उगाच स्वतःला बोल लावत होता की. जाऊ या आपण. मी येते बरोबर."

नाही तरी तिला यावं लागणारच होतं. सांगड चाचणी एकट्याची होत नसे.

मिरजेच्या दवाखान्यात डॉ. नूतन पिंगळे यांनी त्यांना ती समजावून सांगितली. दोन माणसं बोलत असतात तेव्हा समोरच्याचं वाक्य कुठे संपणार, तो हसणार की चिडणार, याचा अंदाज आपला मेंदू अर्धा सेकंद आधीच बांधून ठेवतो. त्यामुळे दोघांचे श्वास, पापण्यांची उघडझाप, डोळ्यांच्या बाहुल्यांचं लहानमोठं होणं हळूहळू एका लयीत येतं. जुन्या चाचण्या माणूस कसा वागतो तेवढंच बघत, आणि वागणं शिकून घेता येतं. सांगड यंत्र वागण्याकडे बघत नाही. डोक्यावरच्या टोपीतून कवटीच्या आत दोन-तीन सेंटिमीटर जाणारा मंद लाल प्रकाश सोडून, मेंदूच्या कुठल्या भागाला त्या क्षणी जास्त रक्त लागतं आहे, हे ते मोजतं.

"समजा, मी तुम्हाला सतरा गुणिले चोवीस तोंडी करायला सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या, "तर कपाळामागचा हा भाग कामाला लागतो. आणि तुमची मुलगी दारातून आत आली, तिचं काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला तिने तोंड उघडायच्या आत कळलं, तर ते काम इथे, कानाच्या वर होतं. तिथे कष्ट नाहीत. समोरचा माणूस तुम्हाला जेवढा कळतो, त्यातला किती भाग कष्टाशिवाय कळतो, तो तुमचा सहजांक. शंभरपैकी."

बहुतेकांचा साठ ते ऐंशीच्या दरम्यान येतो, स्वमग्नतेच्या पट्ट्यातल्या माणसांचा तिसाच्या खाली. ती माणसंही समोरच्याला ओळखतात, जीवही लावतात, पण त्यांना ते गणितासारखं सोडवावं लागतं. "भावना कमी असतात, असा याचा अर्थ अजिबात नाही," असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

मग दोघांना टोप्या घालून समोरासमोर बसवलं. आधी ऋजुताच्या लहानपणाविषयी बोलायचं होतं, मग ज्यावर मतभेद आहेत अशा एखाद्या गोष्टीवर आणि शेवटी पाच मिनिटं काहीच न बोलता नुसतं बसायचं. स्वरूपा नेहमीसारखी मोकळी होती. ऋजुताने पहिल्यांदा शाळेचा डबा कुत्र्याला घातला ती गोष्ट तिने अशी रंगवून सांगितली की टोप्या लावणारी तंत्रज्ञ मुलगीही हसली. अभिनंदन तुटक तुटक बोलला. पाच मिनिटांच्या शांततेत तो खिडकीबाहेरच्या निलगिरीकडे बघत बसला. ती त्याच्याकडे बघत होती.

अर्ध्या तासाने डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. यंत्राची काही गडबड दिसते आहे, टोप्या बदलून पुन्हा एकदा बसाल का, असं त्यांनी विचारलं. त्याची टोपी स्वरूपाला घातली, तिची त्याला. पुन्हा तीच पंचवीस मिनिटं. नंतर डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मगदूम साहेब, तुमचा सहजांक बाहत्तर आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा बाहत्तर. तुम्ही त्या पट्ट्यात नाही. जवळपासही नाही."

अभिनंदनने सोळा प्रश्नांची यादी काढली, चौदा खुणा दाखवल्या. डॉक्टरांनी ती वाचली. "गर्दीचा कंटाळा असतो, संकोच असतो, सवय नसते. ते सगळं खरं असेल. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय, ते तुम्हाला कळतं. चांगलं कळतं. आत्ता मतभेदाच्या विषयावर बोलताना या दुखावल्या, ते तुमच्या मेंदूने यांचा चेहरा बदलायच्या आधी टिपलंय."

"पण मी तर काहीच बोललो नाही."

"हो," डॉक्टर म्हणाल्या, "बोलला नाहीत."

मग त्या स्वरूपाकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. चाचणीसाठी नाव यांचं होतं, त्यामुळे तुमचा निकाल सांगू की नको हे तुम्ही ठरवा, असं त्यांनी म्हटलं. स्वरूपाने हसून सांगा म्हटलं.

"तुमचा अकरा आहे."

स्वरूपाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते उतरत नव्हतं, वाढतही नव्हतं. मग अगदी नेहमीच्या सुरात तिने विचारलं, "अकराच्या खाली किती लोक असतात, डॉक्टर?"

"मी आजवर तीन पाहिलेत. त्या तिघांना बोलणंही जड जात होतं. तुमच्याइतकं सफाईने बोलणारं कुणी मी पाहिलेलं नाही. म्हणून तर टोप्या बदलल्या." डॉक्टरांनी पडद्यावरचा, कपाळामागच्या कामाचा आलेख त्यांच्याकडे वळवला. निळी रेघ अभिनंदनची होती, जवळजवळ सपाट. लाल रेघ स्वरूपाची. मुलीची गोष्ट रंगवून सांगताना ती रेघ वर चढलेली होती. भांडणाच्या विषयावर आणखी वर. अभिनंदन शेवटच्या पाच मिनिटांकडे बघत राहिला. कुणीच बोलत नव्हतं, तो निलगिरीकडे बघत होता, आणि लाल रेघ पूर्ण आलेखात सगळ्यात उंच होती.

"इथे त्या काय करत होत्या?" त्याने विचारलं.

"ते त्याच सांगू शकतील."

सांगलीला परत येताना गाडी स्वरूपाने चालवली. वाटेत तिला शाळेतल्या शिपाईबाईंचा फोन आला. तिने त्यांच्या सुनेची, नातवाच्या कानाची चौकशी केली, दोन वेळा मनापासून हसली. अभिनंदन शेजारी बसून ऐकत होता. तिचं हे बोलणं त्याने हजारदा ऐकलं होतं, आज पहिल्यांदा त्याच्या अंगावर काटा आला.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिली. दुपारचे तीन वाजले होते. त्याने चहा टाकू का म्हणून विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली.

"मला वाटायचं सगळेच असं करतात," ती म्हणाली. "कुणी येणार असलं की आधी ठरवायचं. दारात काय म्हणायचं, मग बसल्यावर काय, त्यांनी आजारपणाचं काढलं तर चेहरा कसा करायचा, किती वेळ बघायचं आणि नजर कधी काढून घ्यायची. म्हणूनच ना माणसं दमतात पाहुणे गेल्यावर? तुम्ही नाही करत?"

"नाही."

"कधीच नाही? मग तुम्हाला कळतं कसं काय बोलायचं ते?"

तिचा प्रश्न खरा होता, उत्तर हवं म्हणून विचारलेला. त्याने विचार केला आणि म्हणाला, "येतं आपोआप. मी बोलत नाही ती गोष्ट वेगळी."

स्वरूपा मटकन खाली बसली, फरशीवरच. 'आपोआप' हा शब्द ती पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली. बावीस वर्षं तिला अर्धशिशी होती. कुठलाही समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी ती खोलीत पडदे ओढून पडायची. तीन डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, चष्मा बदलून झाला. पाहुणे यायच्या आधी ती उघड्या कपाटाकडे तोंड करून वीस-वीस मिनिटं उभी असायची. साड्या आवरते आहे, असं त्याला वाटायचं. ती पाठांतर करत होती.

त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि विचारायची भीती वाटत होती. "आणि माझ्याशी?" शेवटी त्याने विचारलं. "आपण दोघंच घरात असतो तेव्हा?"

"तुमच्याशी सगळ्यात अवघड," ती म्हणाली. "बाकीचे निदान बोलतात. तुम्ही काही सांगत नाही. मग चेहऱ्यावरून, ताटलीत काय उरलंय त्यावरून, चप्पल कशी काढली त्यावरून लावायला लागतं. हे चिडलेत की दमलेत की नुसतेच बसलेत. आज त्या खोलीत पण तेच करत होते."

अभिनंदन ओट्याला टेकून उभा राहिला. यादीवरच्या चौदा खुणा त्याच्या खिशात होत्या. ज्या गप्प बसण्याला तो आपलं दुखणं समजत होता, तेच या घरातल्या एका माणसाला रोज उठून सोडवायला लागत होतं. आणि ती दुखावली तर ते त्याला कळत होतं. प्रत्येक वेळी कळत होतं. यंत्राने तसं लिहून दिलं होतं.

ऋजुताला त्यांनी रविवारी फोनवर सांगितलं. ती आधी हसली, आईला काय झालंय, चुकलं असेल यंत्राचं, म्हणाली. दोनदा चाचणी झाली हे कळल्यावर मग तिने विचारलं, "आई, मी लहानपणी रडायचे तेव्हा तू जवळ घ्यायचीस ते पण ठरवून?"

स्वरूपाला खोटं सांगता आलं असतं. तिला ते चांगलं जमायचं. ती म्हणाली, "हो. तू का रडतीयेस ते मला आपोआप कळायचं नाही. मी वहीत लिहून काढायचे, भुकेचं रडणं कसं, कान दुखल्याचं कसं. तुझ्याएवढा अभ्यास मी कुणाचाच केला नाही, बाळा."

ऋजुताने नंतर करते म्हणून फोन ठेवला आणि पुढचे नऊ दिवस केला नाही.

याच सुमारास शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होत होती. सतरा वर्षं शाळा स्वरूपाच्याच जिवावर चालली होती, हे संस्थेतल्या सगळ्यांना मान्य होतं. पण दोन वर्षांपूर्वी संस्थेने नियम केला होता की मुलांशी आणि पालकांशी थेट संबंध येणाऱ्या वरच्या पदासाठी सांगड अहवाल जोडायचा, सहजांक किमान पंचेचाळीस. बऱ्याच संस्थांनी असे नियम केले होते. गोड बोलून फसवणाऱ्या माणसांना दूर ठेवायचा सोपा उपाय म्हणून ते निघाले आणि मग प्रत्येक जाहिरातीत येऊन बसले. ज्या यंत्राने माणसाला स्वतःची ओळख पटावी, ते आता दारावर पहारा देत होतं. अर्ज स्वरूपाने तीन महिन्यांपूर्वीच केला होता. अहवाल द्यायला पाच आठवडे उरले होते.

"अर्ज मागे घ्यावा म्हणते," ती एके दिवशी जेवताना म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

मागे घेऊ नकोस, असं अभिनंदनच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आपण तिला भलत्या संकटात ढकलू, असं वाटून त्याने मान खाली घातली आणि भाताचा घास घेतला. तिने त्या मान खाली घालण्याचा अर्थ लावला. आयुष्यभर लावत आली तसाच. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज मागे घेतला आणि संध्याकाळी त्याला सांगितलं, "तुमचं पण तेच मत होतं ना."

तो हादरलाच. तसं नव्हतं, म्हणाला. मग बोलला का नाहीत, तिने विचारलं.

शनिवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिला न सांगता संस्थेचे अध्यक्ष बाहुबली उपाध्ये यांच्या घरी गेला. कुणाच्या घरी आपण होऊन जाण्याची त्याची बहुतेक ही पहिलीच वेळ. उपाध्ये सत्तरीचे, निवृत्त अभियंते, वागायला सभ्य. त्यांनी कॉफी मागवली. अर्ज मागे घेतल्याचं त्यांनाही कोडं पडलं होतं. मॅडमसारखी माणसांची जाण असलेली बाई सोडायला संस्था तयार नाही, असं ते म्हणाले.

"सर, तिचा सहजांक अकरा आला," अभिनंदन म्हणाला.

उपाध्यांच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, ते म्हणाले. अभिनंदनने सगळं सांगितलं. यंत्र, टोप्या, लाल रेघ. वीस वर्षांत एकूण बोलला नसेल तेवढं तो त्या बैठकीत बोलला. "माझा बाहत्तर आहे," शेवटी तो म्हणाला. "तुमच्या नियमाने मी मुख्याध्यापक व्हायला लायक आहे आणि ती नाही. मला आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं नाव सांगता येणार नाही. तिला बाराशे मुलींची येतात, आणि घरी कुणाचं काय चाललंय तेही. ते तिला फुकट मिळालेलं नाही, एवढाच फरक आहे."

उपाध्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, की गेल्या वर्षी त्यांची पत्नी वारली तेव्हा स्वरूपा तेरा दिवस रोज येत होती. ती एकटीच अशी होती की जिच्यासमोर त्यांना रडू आलं. "म्हणजे ते सगळं..." एवढंच म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. अभिनंदन तिथून निघाला तेव्हा आपण त्या माणसाकडून काहीतरी काढून घेतलं, हे त्याला लख्ख कळत होतं. बाहत्तर सहजांकाच्या माणसाला ते आधी कळायला हवं होतं.

घरी येऊन त्याने स्वरूपाला सगळं सांगितलं. ती कौतुक करेल अशी आशा त्याला अजूनही होती.

"तुम्ही माझा आकडा त्यांना सांगितलात?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठीच—"

"मी ऋजुताला सांगितलं कारण ती माझी मुलगी आहे. आणखी कुणाला सांगायचं हे मी ठरवायचं होतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, हसू नाही. तो चेहरा त्याने कधी पाहिलेला नव्हता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्यासाठी चेहरा करायचा थांबली आहे.

गोष्ट आठ दिवसांत शाळेत पसरली. उपाध्यांनी ती फक्त कार्यकारी मंडळात काढली होती, पण मंडळातल्या कुणाच्या तरी घरून ती बाहेर आली. शिक्षकखोलीत स्वरूपा आली की बोलणी थांबू लागली. जिच्या बाळंतपणात तिने दोन महिने तास सांभाळले होते, त्या बाईंनी विचारलं, तुम्ही माझ्याशी खरं वागत होता की नाटक होतं? दोन पालकांनी मुलींना तिच्या वर्गातून काढायची परवानगी मागितली.

अभिनंदनला वाटलं ती कोसळेल. तसं काही झालं नाही. तिने मंडळाला पत्र लिहून वेळ मागितली आणि कुठलंही पाठांतर न करता गेली. तिथे काय झालं ते त्याला नंतर उपाध्यांकडूनच कळलं. ती टेबलाकडे बघत, एका सुरात बोलली. कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. म्हणाली की अर्ज मागे घेतलाय तो मागेच राहू द्या, नियम तुमचा आहे. पण मी तुमच्या घरी आले, तुमच्या दुःखात बसले, ते खोटं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक सांगावं. जे मला कळत नाही ते कळावं म्हणून मी रात्रंदिवस डोकं फोडलं. ज्यांना आपोआप कळत होतं, त्यातले किती जण आले होते?

मंडळाने नियम बदलला नाही. अडुसष्ट सहजांकाचे एक घोरपडे सर बाहेरून आले आणि मुख्याध्यापक झाले. स्वरूपा पर्यवेक्षिका राहिली. पुढच्या वर्षी तो नियम आणखी एका बैठकीत निघाला, पुन्हा राहून गेला. उपाध्यांनी त्या वेळी विरोधात मत दिलं, एकट्याने.

स्वरूपा मात्र बदलली. तिने लग्नांना जाणं बंद केलं. फोनवर कामाचं तेवढं बोलून "ठेवते" म्हणू लागली. नातेवाईक दुखावले, काही जणांनी येणं सोडलं. अर्धशिशी आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने येऊ लागली. ऋजुता दिवाळीला आली तेव्हा पहिले दोन दिवस आईकडे चोरून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने आईला सरळ सांगितलं, मला आत्ता रडायला येतंय, का ते माहीत नाही, फक्त शेजारी बस. स्वरूपा शेजारी बसली. तिने हात घेतला नाही, काही बोललीही नाही. दोघी तासभर तशाच बसल्या.

लग्नांना आता अभिनंदन जात होता. पहिल्या वेळी त्याला दरदरून घाम फुटला. पण माणसांत गेलं की त्याला समोरच्याचं कळत होतं, आणि कळतंय हे आता माहीत असल्यामुळे पळायला जागा नव्हती. घरात त्याने एक शिस्त लावून घेतली होती. जे काही असेल ते तोंडाने सांगायचं. सुरुवातीला फार विचित्र वाटलं. "मी चिडलो नाहीये, भूक लागलीय." "मला त्या बोलण्याचं वाईट वाटलंय, पण थोडंच." "आत्ता मला काहीच वाटत नाहीये." स्वरूपा प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची.

मार्चच्या एका रविवारी सकाळी ती गच्चीत कुरडया घालत होती आणि तो कागद पसरून देत होता. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "एक विचारायचंय. आधी असतं तर विचारलं नसतं, तुमच्या तोंडावरून लावलं असतं. मी आता ही अशी आहे. हसत नाही, गोड बोलत नाही. तुम्ही जिच्याशी लग्न केलं ती बाई मी नुसती करून दाखवत होते. मग ही तुम्हाला आवडते का?"

पटकन 'हो' म्हणणं सोपं होतं. अभिनंदन कागदाचं टोक धरून उभा राहिला. तिला खरंच उत्तर हवं होतं, हे त्याला कळत होतं.

"अजून ठरलं नाही," तो म्हणाला. "तुझी ओळख होऊन वर्षही झालेलं नाही. घाई करू नको."

स्वरूपाचा हात थांबला. तिने ते वाक्य मनात एकदा फिरवून बघितलं असावं, कारण मध्ये बराच वेळ गेला. मग ती हसली. दोन घरं पलीकडे ऐकू जाईल इतकं मोठं, खरखरीत, मध्येच श्वास अडकून घोरल्यासारखं, कुठे थांबायचं ते माहीत नसलेलं हसू. अभिनंदन इतका दचकला की त्याच्या हातून कागद सुटला.